झोपेत श्वास अडकतो का? आपापले अनुभव लिहू या

नवऱ्याच्या घोरण्याची मला सवय झाली होती. भीती वाटायची ती घोरणं मध्येच बंद पडलं की. छाती-पोट हलतंय, पण नाकाशी हात धरला तर हवा लागत नाही. मग घुसमटल्यासारखा एक मोठा श्वास, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी विचारलं तर म्हणायचा, "छान झोपलो की!" आणि त्याला खरंच तसं वाटायचं. या आजारात श्वास अडकला की मेंदू क्षणभर जागा होतो, पण माणसाला ते आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्यालाच ते आधी कळतं. मी फोनवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला, तेव्हा कुठे तपासणीचं मनावर घेतलं गेलं.

निदान निघालं ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो आणि हवेची वाट बंद होते. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक ॲप्निया. पूर्ण आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला किती होतात, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. या आजाराने बीपीही वाढतं; गोळ्या चालू असूनही त्याचं बीपी का उतरत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगलं. तुमच्याकडे कसं लक्षात आलं, कोणता उपचार मानवला, कोणता नाही? मोकळेपणाने लिहा.

*

मी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन, लावून झोपतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की डोळे मिटायचे, त्यावरून शंका आली. स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेतल्या तपासणीच्या रात्री डोक्याला वायरी, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. एवढ्या जंजाळात झोप कशी लागणार असं वाटलं होतं, पण लागली.

मशीन ऑक्सिजन देतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. ते साधी हवाच दाबाने सोडतं आणि त्या दाबामुळे घसा मिटत नाही. खरी परीक्षा मास्कची. माझ्या मास्कच्या कडेतून हवा फुसफुसत डाव्या डोळ्यात जायची, आणि पट्टे आवळले की गळती आणखी वाढायची. तंत्रज्ञ मुलीने मला आडवं करून, मशीन चालू ठेवून मास्क बसवायला शिकवलं, कारण आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते. पट्टे सैल करायचे, मास्क किंचित उचलून पुन्हा टेकवायचा. तेवढ्याने काम झालं. घसा कोरडा पडायचा, तो हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावल्यावर थांबला. सुरुवातीला दिवसा वाचताना मास्क लावून बसायचो, त्याने कोंडल्यासारखं वाटणं कमी झालं. नव्याने घेतलेल्यांना कळकळीने सांगतो, पहिल्या आठवड्यात मशीन कपाटात टाकू नका. आधी मास्क बदलून बघा.

*

बायकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी बारीक आहे आणि फार मोठ्याने घोरतही नाही. पाळी गेल्यानंतर सकाळी डोकं जड, रात्री लघवीला सारखं उठणं, दिवसभर गळून गेल्यासारखं. सगळे म्हणत, वय झालं, टेन्शन घेऊ नका. झोपेची गोळीही सुरू झाली होती. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंनी माझा मागे गेलेला जबडा बघून स्लीप स्टडी करायला लावली. एएचआय मध्यम निघाला. काही झोपेच्या गोळ्यांनी आणि दारूने घसा आणखी सैल पडतो, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मला दंतवैद्यांनी खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण करून दिलं आहे. सकाळी जबडा थोडा वेळ दुखतो आणि दात जुळायला वेळ लागतो, म्हणून नियमित दाखवावं लागतं. पण डोकेदुखी गेली.

*

ताई, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे त्रास मुलाला होता. तोंड उघडं, मान मागे टाकून झोपायचा, उशी घामाने ओली. दिवसा मात्र पेंगायचा नाही, उलट एका जागी बसायचा नाही. शाळेतून चंचलपणाची तक्रार यायची. लहान मुलांत असं होतं, आणि त्यांच्यात तासाला एकापेक्षा जास्त अडथळेही जास्तच धरतात. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेले होते, ते काढले. घरात त्याच्या श्वासाचा आवाज येईनासा झाला आणि मला मात्र पहिले काही दिवस उठून उठून बघावं लागायचं.

*

माझं सौम्य आहे, आणि पाठीवर झोपलं तरच. कुशीवर झोपतो, वजन उतरवतोय. सध्या एवढंच पुरतंय.

*

"मास्क जन्मभर का?" असं एकाने विचारलं आहे. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की सीपॅप लावलेल्या रात्रीच उपयोग होतो, आजार मुळातून जात नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली आणि तीव्र आजारात आजही पहिला भर तिच्यावरच असतो. मात्र वजन बरंच उतरलं तर आजार सौम्य होतो, काहींचा जातोही. लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण मशीन बंद करायचं ते पुन्हा स्लीप स्टडी करूनच, बरं वाटतंय म्हणून नाही.

*

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून एक विनंती. कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी छोटं असलं तरी, ॲप्निया आहे हे आम्हाला आधी सांगा. तपासणी झाली नसेल तर "झोपेत श्वास थांबतो असं घरचे म्हणतात" एवढं सांगितलंत तरी पुरे. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांनी हाच घसा आणखी मिटतो, त्यामुळे आम्ही औषधं आणि नंतरची देखरेख त्याप्रमाणे ठरवतो. आणि दाखल होताना सीपॅप मशीन स्वतःच्या मास्कसकट घेऊन या.