१९३४ चा 'लिटल मिस मार्कर' आधी बघा

'लिटल मिस मार्कर' या सिनेमाच्या १९८० च्या, वॉल्टर मॅथाऊ असलेल्या आवृत्तीचं कौतुक वाचलं. मॅथाऊ मलाही आवडतो, पण बालकलाकार शर्ली टेंपलचा १९३४ चा सिनेमा कुणी पाहिला नसेल तर तो आधी बघाच. २० डॉलरच्या पैजेसाठी पैसे नाहीत म्हणून एक माणूस पोटची पोर बुकीकडे तारण ठेवतो, घोडा हरतो आणि बाप जीव देतो. घरच्यांसोबत बघायच्या विनोदी सिनेमाची ही सुरुवात!

तारण ठेवलेली ही पोर म्हणजे शर्ली, तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची. सिनेमातल्या या पोरीच्या डोक्यात आईने वाचून दाखवलेल्या, दंतकथेतल्या राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या गोष्टी पक्क्या, त्यामुळे रेसकोर्सवरच्या टग्यांना ती सरदारांची नावं देऊन टाकते. पुढे त्यांच्याच संगतीत तिची भाषा बिघडते, गोष्टींवरचा विश्वास उडतो. मग हेच टगे सरदारांचे पोशाख चढवून, खराखुरा घोडा आणून तिच्यासाठी दरबार भरवतात. हसता हसता माझा गळा दाटून येतो तिथे. एरवी पडद्यावर टापटीप दिसणारा अॅडॉल्फ मेंजू इथे गबाळा, चिक्कू बुकी झालाय, आणि पोरीसाठी हळूहळू खिसा सैल करत जातो, ते नीट बघा.

अमेरिकन लेखक डेमन रन्यनच्या मूळ कथेत मुलगी शेवटी न्यूमोनियाने जाते. सिनेमात तिला वाचवलं, ते योग्यच केलं असं माझं ठाम मत. विनोदी नट बॉब होपचा १९४९ चा 'सॉरोफुल जोन्स' याच कथेवर आहे, पण तो नंतर बघितला तरी चालेल.