आईच्या खात्यातून जाणारी मासिक देणगी आणि सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन कसं बंद करावं? सल्ला हवा

रानजाई (बोरिवली)

नमस्कार मंडळी. आई निवृत्त शिक्षिका आहे, पेन्शन पार्ल्याच्या शाखेत जमा होतं. परवा पासबुक भरून आणलं तेव्हा दर महिन्याला जाणाऱ्या दोन रकमा नीट पाहिल्या.

पहिली नोंद 'एसीएच डी' अशी सुरू होते, पुढे मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं अर्धवट छापलेलं नाव. दर महिन्याच्या ७ तारखेला ८०० रुपये. दादर स्टेशनबाहेर टॅब घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीकडे आईने नाव नोंदवलं होतं. आईने ते पैसे मनापासून दिले आणि त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, नंतर फिजिओथेरपी, घरी बाई ठेवावी लागेल. आईलाच वाटतंय की आता थांबावं. आणि तीच पुन्हा म्हणते, "त्या पोरांच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल गं."

दुसरी रक्कम भावाच्या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची, आईच्या डेबिट कार्डावरून जाते. त्याला आता ऑफिसकडूनच ते मिळतं. कंपनीच्या साइटवर रद्द करायला गेलं की आधी सवलत देतात, मग कारण विचारतात, मग चॅटवर पाठवतात आणि शेवटी दंडाचा आकडा दाखवतात.

शेजारचे काका म्हणाले, ७ तारखेच्या आधी खात्यातले पैसे काढून ठेवा, आपोआप बंद होईल. हे बरोबर आहे का? आधी बँकेत जायचं की संस्थेला कळवायचं?

खिडकीसीट (डोंबिवली)

ताई, काकांचा सल्ला कृपया ऐकू नका. मी बँकेत मँडेटच्याच, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीच्याच टेबलावर काम केलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

खातं रिकामं ठेवलं तर मँडेट रद्द होत नाही, फक्त त्या महिन्याची वसुली परत जाते. त्याचा दंड बँक खातेदाराकडून घेते, वर १८ टक्के जीएसटी. पुढच्या महिन्यात वसुली पुन्हा येते. शिवाय त्याच खात्यातून आईचा मेडिक्लेमचा हप्ता किंवा एखादी एसआयपी जात असेल तर तीही अडकेल. ऑपरेशन तोंडावर असताना मेडिक्लेमचा हप्ता चुकणं किती महागात पडेल याचा विचार करा. आणि कर्जाचा हप्ता असा परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखी कारवाई होऊ शकते. देणगी हे काही देणं नाही, तिथे तो प्रश्न नाही, पण खातं रिकामं ठेवायची सवय नकोच.

'एसीएच डी' म्हणजे हे नॅच मँडेट आहे, नॅच ही बँकांमधली आपोआप वसुलीची यंत्रणा. प्रत्येक मँडेटला २० अक्षर-आकड्यांचा स्वतःचा क्रमांक असतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. तो नेटबँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत दिसतो, नाहीतर शाखेत मागा. खिडकीवर 'देणगी बंद करा' म्हटलंत तर समोरचा म्हणेल, संस्थेकडे जा. यूएमआरएन लिहून 'हे मँडेट रद्द करा' असा आईच्या सहीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वसुलीची फाइल आधीच तयार होते, तेव्हा ५ तारखेला जाऊन ७ तारखेचं थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका, निदान दहा-बारा दिवस आधी जा.

कार्डाचं प्रकरण वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेचा कार्डावरच्या आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वसुलीचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पक्का लागू झाला. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं, आणि ग्राहकाला मँडेट केव्हाही ऑनलाइन मागे घेता आलं पाहिजे. यासाठी बँक शुल्क घेऊ शकत नाही. सुरुवातीला ओटीपी लागतो, पुढे १५,००० रुपयांपर्यंतची वसुली ओटीपीशिवाय होते. म्हणून आईला दर महिन्याला ओटीपी आला नसेल. तो आधीचा मेसेज मात्र येत असणार, जाहिरातींच्या मेसेजमध्ये दबलेला असतो. नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या विभागात 'ई-मँडेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' बघा. रद्द करतानाही ओटीपी लागतो, तेव्हा आईचा चालू नंबरच बँकेत नोंदलेला आहे ना, ते आधी तपासा.

रीळवाला (परळ)

सॉफ्टवेअरबद्दल मी सांगतो, लग्नाच्या फोटोंचं काम करतो.

मँडेट रद्द केलं म्हणजे करार संपला असं नाही. भावाने बहुधा वर्षाचा प्लॅन घेऊन दर महिन्याला हप्ता भरायचं निवडलंय. दिसतो मासिक, असतो वार्षिक. अशा प्लॅनमध्ये मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा काही हिस्सा दंड म्हणून मागतात. तुम्हाला दिसला तो आकडा हाच. प्लॅन कोणत्या तारखेला संपतो ते भावाच्या अकाउंटमध्ये बघा आणि दंडाशी ताडून पाहा. दोन-तीन महिनेच उरले असतील तर तेवढे भरून ऑटो रिन्यूअल बंद करणं कधीकधी स्वस्त पडतं. बरेच उरले असतील तर दंड भरून सुटा. नूतनीकरण नुकतंच झालं असेल तर पूर्ण पैसे परत मिळण्याची काही दिवसांची मुदतही असते, ती अटींमध्ये शोधा.

आधी कंपनीकडे रद्द, त्याचा मेल हातात आला की मगच कार्डावरचं मँडेट काढायचं. उलट केलंत तर कंपनीच्या लेखी तुम्ही थकबाकीदार.

प्ले स्टोअर किंवा अॅपलमधून घेतलं असेल तर कंपनीच्या साइटवर बटण सापडणारच नाही. तिथे स्टोअरच्याच सबस्क्रिप्शनच्या यादीत जावं लागतं. अॅप काढून टाकलं तरी पैसे जातच राहतात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि ते सवलत, कारण, चॅट असं फिरवत ठेवणं फक्त वैतागवाणं नाही, नियमाविरुद्धही असू शकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे, म्हणजे साइट-अॅपवर ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. प्रत्येक पडद्याचे स्क्रीनशॉट ठेवा. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

चाफा (गिरगाव)

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. रानजाई, तुमच्या आईंचं वाक्य वाचून लिहायलाच हवं असं वाटलं.

त्यांना सांगा की देणगी थांबवणं हा देणाऱ्याचा हक्क आहे आणि त्याचं कारण देणंही बंधनकारक नाही. आमच्याकडे दर महिन्याला काही देणगीदार थांबतात. कुणी निवृत्त होतं, कुणाच्या घरात आजारपण येतं. पुढच्या तिमाहीचं बजेट करताना आम्ही ते धरूनच चालतो. आठशे रुपये थांबले म्हणून कुणा मुलाचं ताट रिकामं राहत नाही, ती वेळ येऊ न देणं हे आमचं काम आहे. आम्हाला त्रास होतो तो न सांगता परत जाणाऱ्या वसुलीचा. त्याचं शुल्क संस्थेलाही पडतं, आणि देणगीदार अडचणीत आहे की नाराज आहे हे कळतच नाही. एका आजोबांनी आम्हाला पोस्टकार्ड पाठवलं होतं: 'या महिन्यापासून जमणार नाही, मुलांना आशीर्वाद.' ते आम्ही जपून ठेवलंय.

म्हणून आधी संस्थेला लेखी कळवा. फोनवर सांगू नका, कारण स्टेशनबाहेर भेटणारी मुलं-मुली बरेचदा बाहेरच्या एजन्सीची असतात आणि फोनवर बोलणाराही तिथलाच असू शकतो. पावतीवरच्या ईमेलवर चार ओळी पुरतात: आईंचं नाव, देणगीदार क्रमांक, यूएमआरएन, आणि 'अमुक तारखेपासून मासिक देणगी बंद करावी, मँडेट रद्द केल्याचं लेखी कळवावं'. आठवड्यात उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर खिडकीसीट म्हणतात तसं सरळ बँकेत जा, संस्थेच्या परवानगीची गरज नाही.

रानजाई (बोरिवली)

सगळ्यांचे मनापासून आभार. चाफाताई, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने स्वतःच मेल सांगितला, मी टाइप केला. लगेच संस्थेकडून फोन आला, "बंद नको, सहा महिने थांबवूया, नाहीतर रक्कम निम्मी करूया." आई विरघळायला लागलीय. काय करावं? आणि वर्षाच्या मध्येच थांबलं तर आतापर्यंत दिलेल्या पैशांची ८०जी पावती, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीसाठी लागते ती, मिळेल ना?

खिडकीसीट (डोंबिवली)

'थांबवूया' म्हणजे मँडेट जिवंत राहतं आणि सहा महिन्यांनी वसुली परत सुरू होते, तेव्हा आई कदाचित काठी घेऊन चालायला शिकत असतील. रद्दच करा. बँकेने शिक्का मारलेल्या अर्जानंतरही पैसे कापले तर शाखेत लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यालाही फी नाही.

चाफा (गिरगाव)

मीही संस्थेत असूनच सांगते, रद्द करा. आईंना बरं वाटल्यावर पुन्हा द्यावंसं वाटलं तर वाढदिवसाला किंवा गुढीपाडव्याला एकदाच रक्कम पाठवता येते, त्याला मँडेट लागत नाही. फोनवर आईंनी एवढंच म्हणावं, "मेलला उत्तर द्या."

पावती मिळणारच. दिलेल्या महिन्यांची देणगी ही देणगीच आहे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थांना देणग्यांचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं आणि देणगीदाराला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं, वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. साध्या पावतीवर भागत नाही. सवलत मात्र जुन्या कररचनेत असाल तरच, नव्या रचनेत ८०जी नाही, तेव्हा आईंचं विवरण कशात भरता ते सीएला विचारा. टॅबवर घाईत भरलेल्या फॉर्ममध्ये पॅन चुकीचा पडलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. पॅन चुकला तर रक्कम आईंच्या नावावर दिसणारच नाही, म्हणून त्याच मेलमध्ये पॅन आणि सध्याचा पत्ता लिहा आणि नोंद बरोबर असल्याची खात्री मागा.