टॉल्किनचे ड्वार्फ नुसते सोन्याचे लोभी का?

गवतीचहा
सध्या रात्री मुलीला टॉल्किनची ‘द हॉबिट’ ही कादंबरी वाचून दाखवतोय. ड्वार्फांचा, म्हणजे त्या बुटक्या कारागीर जमातीचा, म्होरक्या थोरिन आणि मंडळी डोंगरात शिरली आहेत, ड्रॅगन मेलाय, आणि आता हा थोरिन सोन्यावर बसून कुणालाच काही द्यायला तयार नाही. मुलगी विचारते, ‘बाबा, हे लोक चांगले की वाईट?’ मला धड उत्तर देता आलं नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमात गिमली हा ड्वार्फ म्हणजे हसवायला ठेवलेला माणूस. त्या जगाचा मागचा इतिहास सांगणारं ‘सिल्मरिलियन’ माझ्याच्याने पुढे सरकत नाही. या ड्वार्फांचा मागचा इतिहास कुणी सांगेल का?

ठिणगी
लांबण लागणार, चहा घेऊन बसा. मी पॅटर्नमेकर, फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो, तेव्हा माझा कल कारागिराकडे झुकणारच.

एल्फ आणि माणसं ही इलुवातारची, म्हणजे परमेश्वराची लेकरं. ड्वार्फ मात्र औलेने घडवले. औले हा देवांमधला लोहार. शिकवायला कुणी शिष्य नाहीत आणि वाट बघायचा धीर नाही, म्हणून त्याने डोंगराखाली गुपचूप सात पूर्वज घडवले. इलुवातारने जाब विचारल्यावर त्याने रडत त्यांच्यावरच हातोडा उगारला, तर ते सातही जण घाबरून मागे सरले. म्हणजे त्यांच्यात जीव आणि स्वतःची इच्छा आधीच आलेली. इलुवातारने त्यांना पदरात घेतलं, पण एल्फ जागे होईपर्यंत झोपवून ठेवलं. घडले आधी, थोरलेपण दुसऱ्याला!

औलेने त्यांना मुद्दाम चिवट केलं होतं. म्हणून तर दुष्ट सॉरॉनच्या नऊ जादूच्या अंगठ्यांनी माणसांचे नाझगूल, म्हणजे त्याचे भुतासारखे गुलाम, झाले, पण ड्वार्फ राजांवर सात अंगठ्यांचा तो जोर चालला नाही. मनात सोन्याची हाव तेवढी भडकली. म्हणजे ज्याला आपण त्यांचा जातिस्वभाव म्हणतो, त्यात सॉरॉनचाही हात आहे.

आता मुख्य प्रकरण. थिंगोल हा एल्फांचा राजा. त्याची मेनेग्रोथ नावाची भूमिगत राजधानी उभारायला बेलेगोस्ट या ड्वार्फनगरीचे कारागीर आले होते. थिंगोलने मोबदल्यात मोती दिले. त्यातला एक कबुतराच्या अंड्याएवढा होता, आणि बेलेगोस्टच्या प्रमुखाला तो डोंगराएवढ्या संपत्तीहून प्यारा झाला. काम चोख, दाम चोख, दोघेही खूश.

पुढे त्याच थिंगोलकडे नाउग्लामीर हा हार येतो. ड्वार्फांच्याच पूर्वजांनी दुसऱ्या एका एल्फ राजासाठी, फिनरॉडसाठी, केलेला. त्यात सिल्मरिल हे रत्न बसवायचं काम थिंगोल नोग्रोड या दुसऱ्या ड्वार्फनगरीच्या कारागिरांना देतो. काम झाल्यावर त्यांची नियत फिरते. ते म्हणतात, हार आमच्या वाडवडिलांचा, ज्याच्यासाठी केला तो मेला, तुमचा हक्क कुठला? ही लबाडीच, वादच नाही. पण थिंगोल काय करतो? त्यांच्या मध्ये एकटा उभा राहून त्यांना गावंढळ ठरवतो आणि मजुरी न देता चालते व्हा म्हणतो. सगळ्यांच्या हातात हत्यारं असताना! तिथेच त्याचा खून पडतो.

माल उचलून झाल्यावर ‘तुमची लायकी काय’ असं ऐकवून बिल बुडवणारं गिऱ्हाईक मी पाहिलंय. खून समर्थनीय नाहीच. पण एल्फांच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासातही हा बुडवलेल्या मजुरीचा मुद्दा शिल्लक राहिलाय, आणि माझ्या मते तोच कळीचा आहे.

मोरिया या ड्वार्फांच्या जुन्या भूमिगत नगरीचं थोडक्यात सांगतो. मिथ्रिल या मौल्यवान धातूसाठी खोल खणता खणता बालरॉग हा आगीचा राक्षस जागा झाला. तृतीय युगाच्या 1980 साली तिथला राजा सहावा ड्युरिन मारला गेला, पुढच्या वर्षी त्याचा मुलगा, आणि लोक परागंदा. 2770 मध्ये ड्रॅगनने एरेबोरही, म्हणजे ‘हॉबिट’मधला तो डोंगर, घेतलं. थोरिन अशा दोनदा बेघर झालेल्या घराण्यातला आहे. एरेबोर गेल्यावर हे लोक लोहारकी करून, वेळ पडली तर कोळसा खणून पोट भरत होते.

उत्तरवारा
मजुरी बुडवण्याचा मुद्दा उत्तर युरोपच्या मूळ पुराणकथांतही आहे. थोरिन, ड्युरिन, बालिन नव्हे हां, पण बहुतेक ड्वार्फांची नावं ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतली आहेत, जादूगार गंडाल्फचंसुद्धा. तिकडे लोकी हा लबाड देव स्वतःच्या मुंडक्याची पैज लावतो, ब्रोक हा ड्वार्फ आणि त्याचा भाऊ थोर या देवाचा हातोडा घडवून ती जिंकतात. लोकी म्हणतो, मुंडकं तुमचं, मानेला हात लावायचा नाही! शेवटी ब्रोक त्याचे ओठ शिवून टाकतो. अल्व्हिस या ड्वार्फची तीच गत. त्याला थोरची मुलगी बोलीत मिळालेली. थोर त्याला रात्रभर प्रश्न विचारत बसवतो, सूर्य उगवतो, उन्हात ड्वार्फचा दगड होतो आणि खेळ खलास.

सरळसोट
ठिणगी, वकीलपत्र छान घेतलंत. पण खुनानंतर नोग्रोडचं सैन्य आलं, मेनेग्रोथ लुटलं, माणसं कापली, ते कुठे गेलं? शिवाय ज्या प्रसंगावर तुमची भिस्त, तो टॉल्किनने शेवटच्या रूपात लिहिलेलाच नाही. 1977 साली ‘सिल्मरिलियन’ आलं तेव्हा वडिलांच्या जुन्या मसुद्यांतून क्रिस्टोफर टॉल्किनने ते प्रकरण बरंचसं स्वतः रचलं, गाय गॅव्ह्रिएल केच्या मदतीने. तसं त्याने पुढे मान्यही केलंय.

ठिणगी
लुटीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. पण त्याच प्रकरणात नोग्रोडने मदत मागितल्यावर बेलेगोस्टने ती नाकारली, उलट त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. म्हणजे ‘ड्वार्फ असेच’ हे तिथेही टिकत नाही. आणि प्रकरण क्रिस्टोफरने रचलं म्हणाल, तर ‘हॉबिट’चा नायक बिल्बो याचा ड्वार्फांशी झालेला करार बघा, तो थोरल्या टॉल्किनने 1937 सालीच छापलाय.

गवतीचहा, पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांबा. सुरुवातीला बिल्बोला लेखी दिलंय: नफ्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा. मुलीला तो कागद परत वाचून दाखवा. थोरिन जिवंत असताना त्यावरून काय काय होतं ते तिला कळेलच. पण लढाईनंतर गादीवर आलेला डाइन थोरिनचा शब्द पाळतो आणि आर्केनस्टोन या रत्नाच्या बदल्यात सोन्या-चांदीचा चौदावा हिस्सा ड्रॅगन मारणाऱ्या बार्डला मोजून देतो.

गवतीचहा
तो कागद सापडला. ‘नफा झाल्यास’ असंही लिहिलंय त्यात! मुलगी म्हणते, मग खर्चाचं काय? तेही आहे म्हटलं, येण्याजाण्याचा खर्च मिळेल आणि मेलास तर अंत्यविधीचाही. तिला हे लोक आता एकदम आवडायला लागलेत.