मदत हवी आहे: करळ आणि वाळूचा खडक, फरक कसा सांगू?

मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन दगड मांडतोय. दोन्ही गाळाचेच खडक, पण मुलांना ते नीट उलगडून सांगायचे आहेत.

पहिला करळ. आपल्या किनाऱ्यावर जुन्या कुंपणांत दिसतो तोच. हातात घेतला की शिंपल्यांचे तुकडे, वाळू, मध्येच एखादा अख्खा शंख, सगळं चुन्याने एकमेकांना चिकटलेलं. लिंबू पिळलं तर फेस येतो. वय भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कोवळं, काही हजार वर्षांचं.

दुसरा सिंधुदुर्गातला, फोंडाघाटाच्या बाजूचा. कलादगी गटातला, म्हणजे त्या नावाच्या फार जुन्या खडकसमूहातला, वाळूचा खडक. दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, हा त्याच्याहीपेक्षा कितीतरी जुना. फिकट गुलाबी, कण बारीक, लिंबाला ढिम्म दाद देत नाही. शंखशिंपले असणारच कुठून, तेव्हा कवचवाले प्राणीच नव्हते.

आता अडचण. सहकारी म्हणतात हा वाळूचा खडक नाही, क्वार्टझाइट आहे, म्हणजे रूपांतरित, उष्णता आणि दाबाने बदललेला. वाचलंय की वाळूचा खडक कणांच्या कडेने फुटतो आणि क्वार्टझाइट कण चिरत फुटतो. पण माझ्या तुकड्यात भिंगाखाली दोन्ही दिसतंय! सिलिकानेच (वाळूचे कण ज्याचे असतात त्याच द्रव्याने) घट्ट जोडलेला वाळूचा खडकही कण चिरून फुटू शकतो ना? मग सूक्ष्मदर्शकाशिवाय, शाळेतल्या साधनांनी हे ठरवता येतं का? भूगर्भशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. जांभा आणू नका मध्ये, तो गाळाचा नाही, हे माहीत आहे.