फुकट चालणाऱ्या कन्व्हर्टरचा खर्च कसा भागवायचा?

कृष्णाकाठ: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं संकेतस्थळ मी सहा वर्षं चालवतोय. डीटीपीवाले, शिक्षक, दिवाळी अंकवाले वापरतात. सर्व्हरचे महिना ९०० रुपये खिशातून जातात. परवा मदतीचं आवाहन टाकलं, तर एकाने लिहिलं, "आता धंदा सुरू केलात का?" रात्रभर झोप लागली नाही. जोडाक्षरं नीट बसवायला मी किती रविवार घातलेत!

जुना खिळा: मन लावून घेऊ नका. ओपनएसएसएल या, संकेतस्थळांवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरवर अर्धं इंटरनेट उभं होतं, तरी वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या यायच्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यातली हार्टब्लीड नावाची गंभीर चूक उघड झाली, तेव्हा कुठे लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसा उभा केला. लोक कंजूष नसतात हो, मागे माणूस बसलाय हेच त्यांना दिसत नाही. महिन्याचा हिशेब पहिल्याच पानावर लावा.

तळटीप: हिशेब लावाच, पण वाचकांपेक्षा छापखाने आणि प्रकाशकांना आधी विचारा. तुमच्यामुळे त्यांचे टायपिंगचे पैसे वाचतात. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केलाय. कोड खुला असेल तर तिथेही अर्ज करा.

कृष्णाकाठ: कोड खुला नाही अजून, लाज वाटायची दाखवायला. या रविवारी टाकतो. आणि एका मुद्रकाला आत्ताच फोन केला, वर्षाचा सर्व्हर ते भरताहेत!