योझेफ फर्डिनांड जगला असता तर स्पॅनिश वारसायुद्ध टळले असते का?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि महाराणी ताराबाईंच्या पक्षाशी त्यांचा गादीसाठी संघर्ष सुरू झाला, त्याच सुमारास स्पेनच्या गादीसाठी युरोपात मोठे युद्ध पेटलेले होते. साताऱ्यात आम्ही काही जण हे दोन्ही वारसासंघर्ष शेजारी ठेवून वाचत आहोत आणि त्यातून पर्यायी इतिहासाचा एक प्रश्न पुढे आला आहे.

स्पेनचा दुसरा कार्लोस निपुत्रिक होता. ऑक्टोबर १६९८ मध्ये फ्रान्सचा चौदावा लुई आणि इंग्लंडचा तिसरा विल्यम यांनी त्याच्या हयातीतच वाटणीचा करार केला. त्यानुसार स्पेन, स्पॅनिश नेदरलँड्स आणि अमेरिकेतील वसाहती बव्हेरियाच्या इलेक्टरचा (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या जर्मन शासकाचा) मुलगा योझेफ फर्डिनांड याला, नेपल्स आणि सिसिली लुईच्या मुलाला, तर मिलान ऑस्ट्रियाच्या पवित्र रोमन सम्राट लिओपोल्डचा धाकटा मुलगा कार्ल याला मिळायचे होते. पण फेब्रुवारी १६९९ मध्ये, अवघ्या सहा वर्षांचा असताना, योझेफ फर्डिनांड ब्रसेल्स येथे वारला. तो जगला असता तर १७०१ ते १७१४ चे युद्ध टळले असते, असे मानता येईल का?

वारणाकाठ (सांगली)

माझ्या मते मूळ करार त्या मुलाच्या जगण्यानेही टिकला नसता. वाटणी ज्यांच्या राज्याची होती, त्या स्पेनला कोणी विचारलेच नव्हते. ही बातमी माद्रिदला पोहोचल्यावर कार्लोसने नोव्हेंबर १६९८ मध्ये मृत्युपत्र केले आणि त्याच मुलाला वारस नेमले, मात्र अखंड साम्राज्याचा. म्हणजे वारस कोण, याबाबत करार आणि मृत्युपत्र यांचे एकमत होते आणि वारशात काय काय येते, याबाबत दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध होते. माद्रिदच्या दरबाराला राजा कोणत्या घराण्यातला, यापेक्षा राज्य तुटू नये याची चिंता अधिक होती. पुढे १७०० मध्ये कार्लोसने लुईचा नातू फिलिप याला सर्व काही दिले, त्यामागेही हेच कारण होते, कारण साम्राज्य एकत्र राखण्याचे बळ फ्रान्सकडेच आहे, असे तिथल्या मुत्सद्द्यांना वाटत होते.

आपल्याकडे १७३१ च्या तहाने वारणा नदी ही सातारा आणि कोल्हापूर या राज्यांची सीमा ठरली. ती वाटणी टिकली, याचे मोठे कारण म्हणजे ती गादीवर हक्क सांगणाऱ्या दोन्ही पक्षांनी, शाहू महाराजांनी आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांनी, स्वतः मान्य केली होती. १६९८ च्या करारात हीच गोष्ट नव्हती.

तरीही मुलगा जगता तर युद्ध लहान झाले असते, असे मी म्हणेन. लुईचा स्वतःचा नातू स्पेनच्या गादीवर बसलाच नसता, त्यामुळे इंग्लंड आणि डच यांना ज्याची धास्ती होती, ते फ्रान्स आणि स्पेन यांचे एकत्र येणे घडले नसते. भांडण उरले असते ते प्रामुख्याने इटलीतील प्रांतांचे.

दफ्तरखाना (सातारा)

सम्राट लिओपोल्डला आपण विसरू नये. योझेफ फर्डिनांड हा त्याच्या मुलीचा, कार्लोसची भाची मारिया अँटोनिया हिचा, मुलगा, म्हणजे सख्खा नातू होता. परंतु लिओपोल्डने १६८५ मध्ये तिच्या लग्नाच्या वेळी स्पेनच्या गादीवरचा तिचा हक्क तिच्याकडून सोडवून घेतला होता, कारण तो वारसा त्याला आपल्या मुलांकडे ठेवायचा होता. माद्रिदने ही हक्कसोड मानली नाही. लुईची राणी आणि कार्लोसची सावत्र बहीण मारिया तेरेसा हिनेही आपला हक्क सोडला होता, पण त्या बदल्यात ठरलेला पाच लाख सुवर्ण एस्कुदोंचा हुंडा स्पेनने कधी दिला नाही, म्हणून फ्रान्स ती हक्कसोड निरर्थक ठरवत असे. व्हिएन्नाने, म्हणजे लिओपोल्डच्या दरबाराने, नातवाविरुद्ध निदान मिलानसाठी तरी शस्त्र उचलले असते, असे मला वाटते.

वारणाकाठ (सांगली)

हे मान्य आहे. मात्र इंग्लंड आणि डच यांच्या पैशाविना लिओपोल्ड किती काळ लढू शकला असता, याची मला शंका आहे.

कृष्णामाई (सांगली)

मी थोडी वेगळी बाजू मांडते. कार्लोस १ नोव्हेंबर १७०० रोजी वारला, तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा असता. अज्ञान राजा म्हटला की कारभार कोणाच्या हाती, हा वाद आलाच, आणि त्याचे वडील माक्स एमान्युएल अत्यंत महत्त्वाकांक्षी होते. शिवाय त्या काळी देवीच्या रोगाने राजघराणीही सुटत नसत. लिओपोल्डचा मोठा मुलगा, सम्राट पहिला योझेफ, एप्रिल १७११ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, देवीनेच गेला. स्पेनचा हा तरुण राजा निपुत्रिक वारला असता, तर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. म्हणून मी युद्ध टळले असते असे न म्हणता लांबणीवर पडले असते असे म्हणेन.

लांबणीवर पडण्याचाही परिणाम मोठा झाला असता. १७०४ मध्ये जिब्राल्टर इंग्रजांच्या हाती गेले नसते. ११ सप्टेंबर १७१४ रोजी बार्सेलोना पडले आणि त्यानंतर कॅटलोनियाच्या स्वतंत्र संस्था रद्द झाल्या, तेही बहुधा घडले नसते.

अजिंक्यतारा (सातारा)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. कृष्णामाईंनी १७११ चा उल्लेख केल्यावर मला वाटते की त्या वर्षीचा मृत्यू अधिक निर्णायक असावा. पहिला योझेफ जगता, तर स्पेनच्या गादीवर हक्क सांगणारा त्याचा भाऊ कार्ल सम्राट झाला नसता, आणि स्पेन व ऑस्ट्रिया पुन्हा एकाच माणसाच्या हाती जातील या भीतीने इंग्रजांनी युद्धातून अंग काढून घेण्याचे मुख्य कारण उरले नसते. युद्धाअखेरच्या उट्रेख्टच्या तहात फिलिपला स्पेन मिळाले, ते मिळाले असते का, हे पाहण्यासाठी आता १७११ पासून वाचायला घेतो.