टीमसाठी स्वतःच्या सर्व्हरवर चालणारा मुक्तस्रोत दस्तऐवज-संपादक कोणता घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या पंधरा जणांच्या टीमला एकाच दस्तऐवजावर एकाच वेळी लिहिता येईल असा मुक्तस्रोत संपादक स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचा आहे. मसुदे बहुतेक मराठीत असतात, अंतिम प्रती वर्डच्या स्वरूपात बाहेर पाठवाव्या लागतात आणि बैठकांची टिपणे रोजचीच आहेत. सर्व्हरवर सध्या ४ जीबी रॅम आहे, ती वाढवता येईल. लिनक्स आणि डॉकर (प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे साधन) हाताळणारा मात्र मी एकटाच आहे. कोलॅबोरा, ओन्लीऑफिस, इथरपॅड, क्रिप्टपॅड, हेजडॉक ही नावे वाचली. प्रत्येकाची वैशिष्ट्यांची यादी लांबलचक आहे आणि त्यावरून निर्णय होत नाही. निवड कशाच्या आधारे करावी?

प्रतिसाद १

वैशिष्ट्यांच्या याद्या बाजूला ठेवा आणि आधी एवढेच ठरवा की तुमचा दस्तऐवज ही शेवटी बाहेर जाणारी फाइल आहे की ब्राउझरमध्येच लिहिले आणि वाचले जाणारे पान आहे. तुमच्या वर्णनात दोन्ही आहेत, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी एकच साधन शोधण्याचा अट्टाहास करू नये.

फाइलसाठी खरे पर्याय दोनच: कोलॅबोरा ऑनलाइन आणि ओन्लीऑफिस डॉक्स. दोन्ही फक्त संपादक आहेत. फाइली ठेवणे, वाटणे आणि खाती सांभाळणे यासाठी मागे नेक्स्टक्लाउडसारखे काहीतरी लागतेच. कोलॅबोराच्या मुळाशी लिबरऑफिस आहे. पान सर्व्हरवर रेखाटले जाते आणि त्याचे तुकडे चित्ररूपाने ब्राउझरकडे येतात, त्यामुळे माणसे वाढली की भार सर्व्हरवर पडतो. ओन्लीऑफिस रेखाटनाचे काम ब्राउझरकडे सोपवते आणि वर्डच्या स्वरूपालाच मूळ स्वरूप मानते, म्हणून बाहेरून आलेल्या फाइलींची मांडणी त्यात सहसा कमी बिघडते. त्याच्या मोफत समुदाय आवृत्तीत एका वेळच्या जोडण्यांवर बराच काळ २० ची मर्यादा होती आणि प्रत्येक उघडा टॅब ही एक जोडणी धरली जाते. पंधरा जणांसाठी हा आकडा काठावरचा आहे, तेव्हा तुम्ही घ्याल त्या आवृत्तीतील स्थिती आधी पाहून घ्या.

मराठीसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दोन्ही संपादकांत फॉन्ट सर्व्हरवर असावा लागतो, तुमच्या संगणकावर असून भागत नाही. मसुदे मंगलमध्ये असतील आणि सर्व्हरवर फक्त नोटो देवनागरी असेल, तर ओळी वेगळ्या जागी तुटतील आणि पानांची संख्या बदलेल. ओन्लीऑफिसमध्ये नवा फॉन्ट टाकल्यावर फॉन्टची यादी पुन्हा तयार करणारी स्क्रिप्टही चालवावी लागते. निवड पक्की करण्यापूर्वी तुमचाच एखादा मोठा, तक्ते आणि तळटिपा असलेला मसुदा दोन्हींत उघडा, 'दुसऱ्या', 'कर्तृत्व' यांसारखे जोडाक्षरांचे शब्द टंकून पाहा आणि पीडीएफ काढून तोही तपासा. या चाचणीत जो टिकेल तो घ्या. माझा कल ओन्लीऑफिसकडे आहे, पण तुमच्या फाइलींचा निकाल माझ्या कलापेक्षा महत्त्वाचा.

प्रतिसाद २

टिपणांसाठी हेजडॉक पुरेसे आहे. त्यात वापरायचे मार्कडाउन, म्हणजे साध्या चिन्हांनी मथळे-याद्या दाखवण्याची लेखनपद्धत, शिकायला वेळ लागत नाही आणि मजकूर साध्या रूपात राहत असल्यामुळे उद्या दुसरीकडे न्यायचा झाला तरी अडत नाही. इथरपॅड त्याहून हलके आहे, मात्र त्याची मूळ मांडणी 'दुवा असेल त्याने लिहावे' अशी आहे, आणि सुरुवातीला मिळणारा डेटाबेस केवळ चाचणीपुरता असतो.

क्रिप्टपॅडचा विचार गोपनीयता हीच पहिली अट असेल तर करावा. मजकूर ब्राउझरमध्येच कूटबद्ध होतो, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. परंतु याच कारणाने एखाद्याने पासवर्ड गमावला तर तुम्ही तो नव्याने देऊ शकणार नाही. सुरक्षित मांडणीसाठी त्याला दोन वेगळी डोमेन-नावेही लागतात.

आउटलाइन हे टीमच्या नोंदी ठेवण्याचे साधन सुचवणारे पुष्कळ भेटतील. ते सुबक आहे, पण त्याचा बीएसएल परवाना (बिझनेस सोर्स लायसन्स) वापरावर काही बंधने घालतो, म्हणून रूढ अर्थाने मुक्तस्रोत नाही. फ्रान्स आणि जर्मनीच्या शासनांनी मिळून उभारलेले 'डॉक्स' हे लेखनसाधन एमआयटी या मोकळ्या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे आणि मला फार आश्वासक वाटते. मात्र त्याला ओआयडीसी लॉगिन (ओळख पटवणारी वेगळी सेवा) आणि एस३-सुसंगत साठवण (अॅमेझॉनच्या एस३ सेवेसारखी फाइल-साठवण) लागते, आणि एकट्या माणसावर तेवढा व्याप आज टाकू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मसुद्यांसाठी नेक्स्टक्लाउड व ओन्लीऑफिस आणि टिपणांसाठी हेजडॉक असा विचार करतो आहे. यात बॅकअप कसा घ्यावा, आणि कोणी लिहीत असताना तो घेतला गेला तर काय होते?

प्रतिसाद १

हा प्रश्न बसवण्यापूर्वी विचारलात हे उत्तम झाले. ओन्लीऑफिसमध्ये संपादन चालू असताना ताजे बदल संपादकाच्या सर्व्हरकडे असतात. शेवटच्या माणसाने दस्तऐवज बंद केल्यावर साधारण १० सेकंदांनी पूर्ण फाइल नेक्स्टक्लाउडकडे परत जाते. मधल्या काळात फक्त नेक्स्टक्लाउडचा बॅकअप घेतला तर त्यात जुनी प्रत येते. म्हणून बॅकअप रात्री घ्या, आणि कंटेनर बंद करण्याआधी उघडे दस्तऐवज जतन करून घेणारी जी स्क्रिप्ट संपादकासोबत येते ती अवश्य चालवा. क्रमही सांभाळा: नेक्स्टक्लाउड आधीच देखभालीच्या स्थितीत (वापर तात्पुरता थांबवलेला) गेले असेल तर परत येणारी फाइल स्वीकारली जाणार नाही.

नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस, डेटा-फोल्डर आणि कॉन्फिग (मांडणीची फाइल) हे तिन्ही एकाच वेळचे असले पाहिजेत. हेजडॉकमध्ये डेटाबेसखेरीज चढवलेल्या चित्रांचे फोल्डर वेगळे असते आणि तेच बहुधा विसरले जाते. एक प्रत या सर्व्हरबाहेर ठेवा, आणि ती कोऱ्या यंत्रावर उभी करून त्यातील दस्तऐवज उघडतो हे पाहिल्याशिवाय टीमला नव्या व्यवस्थेवर आणू नका.

प्रतिसाद २

रॅम ८ जीबी करून घ्या. या तिन्ही गोष्टी ४ जीबीत दाटीने राहतील. जोडणी करताना ब्राउझरला संपादक दिसला एवढ्याने काम होत नाही, संपादकाच्या सर्व्हरलाही नेक्स्टक्लाउडचा पत्ता आतून उघडता आला पाहिजे आणि दोन्हीकडे गुप्त किल्ली तीच असली पाहिजे. दस्तऐवज उघडतो पण जतन होत नाही, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी हेच तपासा. नेक्स्टक्लाउडच्या मुख्य आवृत्त्या एकेक करूनच चढाव्या लागतात, मधली गाळता येत नाही, त्यामुळे अद्ययावतीकरण फार काळ लांबवू नका.